पंप मोठा, तरी मिश्रण लीन: एका टी-जेट लिनियाच्या इंधनव्यवस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पुण्यातली, २०१२ सालची फियाट लिनिया टी-जेट. इंजिन १३६८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पोर्ट इंजेक्शन. कारखान्यातून निघताना ताकद ११४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि टॉर्क २०७ न्यूटन-मीटर. रांजणगावात बनलेल्या या गाड्यांचे चाहते अजून टिकून आहेत, त्याचे मोठे कारण हे इंजिनच. बिडाचा ब्लॉक दणकट आहे, थोडा जास्त बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) दिला तरी कुरकुर करत नाही. मालक अधूनमधून बंद ट्रॅकवरच्या टाइम अटॅकला आणि ऑटोक्रॉसला, म्हणजे वेळ मोजून होणाऱ्या शर्यतींना, गाडी उतरवतो. एरवी ती महिन्यातून चार-सहा वेळा बाहेर पडते.

२०२२ मध्ये मूळ टर्बो काढून गॅरेट जीटी१४४६ बसवला गेला. युरोपातल्या आबार्थ ग्रांदे पुंतोच्या ‘एसेएसे’ किटमध्ये हाच टर्बो १८० अश्वशक्तीसाठी वापरला होता, त्यामुळे मालकाच्या डोक्यात १८० हा आकडा पक्का बसला होता. सोबत पुढे इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) नवा मॅप, म्हणजे इंधन आणि इग्निशनचे तक्ते, आला. बूस्ट १.१ बार, ताकद साधारण १५० पीएस. इंधनव्यवस्थेला मात्र कुणी हात लावला नाही. इंजेक्टर, पंप, फिल्टर, वायरिंग सगळे कारखान्याचेच राहिले आणि गाडी तीन वर्षे बिनतक्रार चालली.

या गाडीची इंधनव्यवस्था आधी समजून घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. ही ‘रिटर्नलेस’ व्यवस्था आहे. प्रेशर रेग्युलेटर इंजिनजवळच्या रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) नसून टाकीतल्या पंप मॉड्युलमध्येच बसवलेला आहे. जास्तीचे पेट्रोल तो टाकीतच सोडतो आणि इंजिनकडे एकच नळी जाते. रेलमध्ये ३.५ बार दाब असतो आणि बूस्ट कितीही वाढला तरी तो ३.५ च राहायला हवा. पण इंजेक्टर ज्या ठिकाणी फवारा मारतो तिथे, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, टर्बोचा दाब उलटा ढकलत असतो. १.३ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन बाजूंतला खरा फरक उरतो २.२ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३ बारला मिनिटाला २६८ सीसी देणारा या गाडीचा इंजेक्टर तिथे जेमतेम २२९ सीसी देतो. बूस्ट वाढला की मागणी वाढते आणि त्याच क्षणी इंजेक्टरची कुवत घटते. इंजेक्टरवर छापलेला आकडा बघून हिशेब करणारे नेमके इथे फसतात.

अडचण

२०२५ मध्ये बूस्ट १.३ बारवर नेला. ५८०० आरपीएमला अंदाजे १६५ पीएस मिळायला हवे होते. पण ५२०० आरपीएमच्या पुढे गाडी ओढेना. वर जाताना ती अडखळायची आणि कधीकधी ईसीयू इग्निशन मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा द्यायचा. एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला तेव्हा चित्र दिसले (त्याचा लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन नेमके जुळलेले, आकडा जितका कमी तितके इंधन जास्त): पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८० हवा होता, ५८०० आरपीएमला तो ०.९५ दिसत होता. बूस्टखाली एवढे लीन (इंधन कमी पडलेले) मिश्रण म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमध्ये आपोआप आणि अवेळी होणारा भडका, आणि नॉकिंग चालू राहिले तर पिस्टनला भोक.

दरम्यान बाहेर एक गोष्ट बदलली होती. २०२२ मध्ये मॅप झाला तेव्हा पंपावर १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत होते. फेब्रुवारी २०२३ पासून ई२० यायला लागले आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झाले. शुद्ध पेट्रोलला संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आकारमानाने साधारण ८ टक्के आणि ई१० च्या तुलनेत सुमारे ४ टक्के जास्त इंधन. हिशेब मांडला तर २०२२ मध्ये १.१ बारला हे इंजेक्टर ९३-९४ टक्के वेळ उघडे राहत होते. त्याच गाडीत, एक स्क्रूही न फिरवता, नुसत्या ई२० ने तो आकडा ९७ वर गेला. बूस्ट वाढवायच्या आधीच राखीव कुवत संपली होती.

पहिला उपाय

गॅरेजमधून सल्ला आला, “मोठा पंप टाका, विषय संपला.” टाकीत २५५ लिटर/तास क्षमतेचा पंप बसवला गेला. तो मूळ मॉड्युलमध्ये मावेना, म्हणून मॉड्युलची प्लॅस्टिकची वाटी कापली आणि पंप झिप-टायने बांधला. पंपाची नळी नेहमीच्या इंजेक्शन होजने जोडली.

लॅम्डा ०.९५ वरून ०.८८ वर आला. फरक पडला हे खरे, आणि तेच घातक ठरले. सुधारणा दिसल्यावर सगळ्यांची खात्री पटली की दिशा बरोबर आहे, फक्त पंप अजून मोठा हवा. ४५० लिटरच्या पंपाची चौकशीही सुरू झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

शिवाय नव्या तक्रारी सुरू झाल्या. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) पेट्रोलचा वास, सिग्नलला थांबल्यावर इंजिन हलके घुसमटल्यासारखे, आणि टाकी पाव भागाखाली गेली की लांब वळणात क्षणभर इंजिन तुटायचे. यातली शेवटची तक्रार ऑटोक्रॉसच्या दिवशी ध्यानात आली आणि तिथे गाडी थांबवली.

गाडी थांबवण्याचा हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय. प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर काळे आणि चकचकीत बारीक ठिपके होते. चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळायला लागल्याची खूण. बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) चारही पिस्टन पाहिले, कॉम्प्रेशन मोजले (११.८ ते १२.२ बार, चारही जवळपास सारखे) आणि मगच इंजिन न खोलता पुढे जायचे ठरले. पुढे जायचे म्हणजे आधी मोजायचे, खरेदी नंतर.

मोजणी

तीनच गोष्टी मोजायच्या होत्या: रेलमधला दाब, इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो, आणि पंपाच्या कनेक्टरवर चालू स्थितीत किती व्होल्ट पोहोचतात. मर्यादा या तिघांपैकी एकीवर, किंवा एकीहून जास्तींवर, आलेली असते. कुठल्या ते कळल्याशिवाय भाग मागवणे म्हणजे जुगार.

रेलवर ०–१० बारचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला आणि त्याची वायर लॉगरला दिली. पेट्रोल भरलेली नळी घेऊन गेज केबिनमध्ये आणण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. ती कधीही करू नये. काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवले, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडली. जवळ पावडरचे अग्निशामक, हॅलोजन दिवा लांब.

लॉगमध्ये जे दिसले ते असे. आयडलला रेलचा दाब ३.५ नव्हता, ४.१ बार होता. मॉड्युलमधला छोटा रेग्युलेटर मूळ पंपाचे जास्तीचे पेट्रोल सोडण्याइतकाच आहे. २५५ लिटरच्या पंपाचा ओघ त्याला पेलवेना, म्हणून दाब चढत होता आणि आयडलला मिश्रण ७-८ टक्के रिच (इंधन जास्त) होत होते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन जास्त पेट्रोल खायला लागले की रेग्युलेटरवरचा भार कमी व्हायचा आणि दाब ३.६ ला यायचा.

इथे एक फसवी गोष्ट होती. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून इंधनात करत असलेली दुरुस्ती, फक्त उणे ३ टक्के दिसत होती. कुणीही म्हणेल की गाडी तंदुरुस्त आहे. पण ई२० मुळे ती आधी अधिक ५ वर होती आणि चढलेल्या दाबामुळे उणे ८ ने खाली आली. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते. ट्रिम शून्याजवळ आहे म्हणजे दाब बरोबर आहे, असे यातून कधीच सिद्ध होत नाही.

५८०० आरपीएमला एका इंजेक्शन चक्रासाठी २०.७ मिलिसेकंद मिळतात. लॉगमध्ये इंजेक्टर २०.६ मिलिसेकंद उघडा होता. म्हणजे तो बंदच होत नव्हता. १६५ पीएसला ई२० वर प्रत्येक इंजेक्टरकडून मिनिटाला २५६ सीसी हवे होते आणि ३.६ बार रेलदाबाला तो जास्तीत जास्त २३५ देऊ शकत होता. या तुटीवरून लॅम्डा काढला तर ०.८७ येतो, प्रत्यक्ष ०.८८ होता. हिशेब जुळला. पंप कितीही मोठा केला असता तरी हा आकडा हलणार नव्हता.

मग पहिल्यांदा ०.९५ का होता? मालकाने जुना पंप फेकला नव्हता, हे नशीब. इंजेक्टर तपासायच्या बेंचवर, चाचणीच्या द्रवात, बदलत्या व्होल्टेजवर तो ३.५ बार दाबाला चालवून पाहिला. १३.५ व्होल्टला त्याने मिनिटाला १.५ लिटर दिले, ११.६ व्होल्टला एका लिटरपेक्षाही कमी. गाडीत अल्टरनेटर १४.१ व्होल्ट देत असताना पंपाच्या कनेक्टरवर ११.६ व्होल्टच पोहोचत होते. तेरा वर्षांची बारीक वायर, काळवंडलेले कनेक्टर आणि मागच्या सीटखालची गंजलेली अर्थची जोडणी. इंजिनची गरज होती मिनिटाला १.०२ लिटर. पंप चांगला होता, त्याला वीज पोहोचत नव्हती. नवा मोठा पंप त्याच वायरवर चालत होता, पण त्याची कुवत इतकी जास्त होती की कमी व्होल्टेजमध्येही गरज भागली. म्हणून लॅम्डा सुधारला आणि खरे कारण दडून राहिले.

टाकी उघडल्यावर आणखी दोन गोष्टी सापडल्या. कापलेल्या वाटीबरोबर जेट पंपही गेला होता. टाकीत इंधन कमी असताना पंपाभोवतीची ती वाटी भरलेली ठेवण्याचे काम या जेट पंपाचे. तो नाही, म्हणून वळणात पेट्रोल एका बाजूला गेले की पंप हवा ओढत होता. लॉगमध्ये त्या क्षणी दाब २ बारच्या खाली कोसळताना दिसला. दुसरी गोष्ट होजची. बोनेटखाली वापरायची जे३०आर९ दर्जाची होज टाकीत बुडवलेली होती. तिचे आतले अस्तर पेट्रोल सहन करते, बाहेरचे आवरण नाही. ते फुगून त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते आणि पंपाच्या जाळीवर काळी भुकटी जमली होती. अजून काही महिने गेले असते तर होज टाकीतच फाटली असती. अशी गळती बाहेर थेंबभरही दिसत नाही, फक्त रेलचा दाब जातो. टाकीत बुडणाऱ्या होजवर जे३०आर१० लिहिलेले असलेच पाहिजे. ती महाग असते, हातभर लागते, आणि तिथे बचत करण्यात अर्थ नाही.

पर्याय

लक्ष्य १८० पीएस ठेवले. टर्बोच्या पेट्रोल इंजिनला किलोवॉट-तासाला साधारण ३५० ग्रॅम इंधन धरले तर १३२ किलोवॉटला ताशी ४६.३ किलो, म्हणजे ६२ लिटर शुद्ध पेट्रोल लागते; ई२० चे ८ टक्के धरून ६७ लिटर. प्रत्येक इंजेक्टरवर मिनिटाला २८० सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, या नियमाने प्रत्यक्ष दाबाला ३२९ सीसीची कुवत हवी.

बूस्ट १.१ च्याही थोडा खाली आणणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणा मार्ग होता. वायरिंग दुरुस्त केले असते, मॉड्युल बदलले असते आणि १४० पीएसच्या आसपास गाडी निर्धास्त चालली असती. मालकापुढे हा पर्याय गांभीर्याने ठेवला गेला. त्याने नको म्हटले. इथेच कायद्याची बाजूही सांगितली गेली: मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि असा बदल निघाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. टर्बो बदलला तेव्हाच ती रेषा ओलांडली होती. यापुढे गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला न्यायची, असे ठरले.

बूस्टच्या कित्येक पट दाब वाढवणारा ‘रायझिंग रेट’ रेग्युलेटर हा जुन्या काळातला जुगाड. ईसीयूला हवे तसे बदलता येत नव्हते तेव्हा तो ठीक होता. आज मॅप हाताशी असताना तो घालणे म्हणजे पंपावर विनाकारण ताण. वॉटर-मेथेनॉलचा फवारा तर लगेच बाद झाला. त्याची छोटी टाकी रिकामी झाली किंवा नोझल तुंबला की मिश्रण पुन्हा तितकेच लीन, आणि तेही पूर्ण बूस्टवर.

खरी निवड दोन पर्यायांत होती.

पूर्ण रिटर्न व्यवस्था: रेलच्या टोकाला बूस्टशी जोडलेला, बूस्ट वाढेल तेवढाच दाब वाढवणारा १:१ रेग्युलेटर, टाकीपर्यंत परतीची नळी, टाकीतला रेग्युलेटर बंद. इंजेक्टरच्या दोन बाजूंतला फरक कायम ३.५ बार राहतो, म्हणून ३ बारला ३०५ सीसीचे इंजेक्टरही पुरतात. ऐकायला देखणे. पण रेलचा दाब बूस्टला ४.८ बार होतो आणि त्या दाबावर पंपाचा प्रवाह घटतो, म्हणजे मोठा पंप आलाच. गाडीखालून नवी नळी न्यायची, तिचे प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जागा. बोनेटखालच्या गरम रेलमधून फिरून आलेले पेट्रोल टाकीत परत जाऊन टाकी तापवते. आणि या ईसीयूत रिटर्नलेस व्यवस्थेसाठी मॅनिफोल्डच्या दाबाप्रमाणे इंजेक्शनची वेळ दुरुस्त करणारा तक्ता असतो. रिटर्न बसवल्यावर तो सपाट केला नाही तर बूस्टला मिश्रण रिच आणि व्हॅक्यूमला लीन होते. हे विसरणारे मग रेग्युलेटरचा स्क्रू पिळत बसतात.

दुसरा: रिटर्नलेस व्यवस्था तशीच ठेवून मोठे इंजेक्टर, कारखान्याच्या मापाचे नवे पंप मॉड्युल आणि नवे वायरिंग. २.२ बार फरकाला ३२९ सीसी हवे तर ३ बारला ३८५ सीसीचा इंजेक्टर लागतो. बाजारात सहज मिळणारे माप ४४० सीसी. त्यात इंजेक्टर ७४ टक्के वेळ उघडा राहतो.

६३० सीसीचे इंजेक्टर घेऊन ठेवावेत, पुढे कामाला येतील, असा मालकाचा आग्रह होता. तो आयडलच्या हिशेबाने मोडला. एवढ्या छोट्या इंजिनला ८०० आरपीएमला एका वेळी एका सिलिंडरमध्ये साधारण ८ मायक्रोलिटर पेट्रोल लागते. ४४० सीसीचा इंजेक्टर त्यासाठी सुमारे एक मिलिसेकंद प्रभावी उघडतो, ६३० सीसीचा ०.६७. एवढ्या कमी वेळात इंजेक्टर दर वेळी सारखे पेट्रोल टाकत नाही आणि आयडल डगमगते. दोन-चार वर्षांनी कदाचित होणाऱ्या कामासाठी रोजचे आयडल बिघडवण्यात शहाणपणा नव्हता.

निर्णय आणि काम

दुसरा पर्याय घेतला. क्रम मुद्दाम असा ठेवला की प्रत्येक टप्प्यानंतर मोजता येईल.

आधी वायरिंग. बॅटरीपासून मागच्या सीटखालपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० ॲम्पिअरचा फ्यूज, पंपाजवळ ३० ॲम्पिअरचा रिले. रिलेला चालू करणारा सिग्नल पंपाच्या मूळ वायरवरूनच घेतला. हे फार महत्त्वाचे. मूळ वायर ईसीयूच्या ताब्यात असते. इंजिन बंद पडले की पंप बंद व्हायला हवा. इग्निशन स्विचवरून थेट रिले चालवला तर अपघातात इंजिन थांबले तरी पंप फाटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. अर्थसाठी बॉडीवरचा रंग खरवडून नवा बोल्ट घेतला. चालू इंजिनवर पंपाच्या कनेक्टरला आता १३.५ व्होल्ट मिळाले.

मग नवे मूळ मॉड्युल: पंप, रेग्युलेटर, फिल्टर, वाटी आणि जेट पंपासकट. जुना पंप धडधाकट होता, पण वाटी कापल्यामुळे पूर्ण मॉड्युलच घ्यावे लागले. टाकीच्या तोंडाची मोठी रबरी रिंग नवी घातली. जुनी रिंग पेट्रोलमध्ये फुगते आणि परत खाचेत बसत नाही. ओढून-ताणून बसवली तर टाकी भरल्यावर केबिनमध्ये वास येतो. नव्या पंपाने ३.५ बार आणि १३.५ व्होल्टला मिनिटाला १.६५ लिटर दिले, म्हणजे ताशी ९९. गरज ६७ ची, पंचवीस टक्के राखीव धरून ८४ ची. कारखान्याचा पंप पुरत होता.

इथे थांबून पुन्हा लॉग घेतला: आयडलला ३.५, पूर्ण थ्रॉटलला ३.५. दाबाचा प्रश्न मिटला, उरला इंजेक्टरचा.

इंजेक्टर बॉशचे ईव्ही१४, चार छिद्रांच्या दोन शाखांत फवारा मारणारे, कारण या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह आहेत. बसवण्याआधी बेंचवर चारही तपासले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी देणाऱ्यांत २ टक्क्यांहून कमी फरक होता. नकली इंजेक्टरचा सुळसुळाट पाहता ही तपासणी टाळू नये. नकली माल पूर्ण उघड्या अवस्थेत बरोबर प्रवाह देतो, दोन मिलिसेकंदांच्या खाली मात्र चारही इंजेक्टर चार दिशांना जातात. म्हणून कमी वेळेचीही चाचणी करून घ्यावी. ओ-रिंग व्हायटनच्या, स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून. कोरडी ओ-रिंग दाबली की कापली जाते आणि गळती रेल तापल्यावरच सुरू होते.

मॅपमध्ये इंजेक्टरचा स्थिरांक २६८ भागिले ४४०, म्हणजे ०.६१ पटीने बदलला. व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा (इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो उघडेपर्यंत जाणाऱ्या वेळेचा) तक्ता इंजेक्टरसोबत आलेल्या आकड्यांवरून भरला. हा तक्ता जुनाच ठेवून नुसता स्थिरांक हलवत राहणे ही नेहमीची चूक. मग आयडल जुळले की वर बिघडते आणि वर जुळले की आयडल.

डायनोवर (चाकांपाशी ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चौथ्या गिअरमध्ये ०.९ बारपासून सुरुवात, दर वेळी ०.१ ने वाढ. अट अशी: लॅम्डा ०.८५ च्या वर गेला किंवा रेलचा दाब ०.२ बारने पडला की रन तिथेच सोडायचा. वाचन लॅम्डामध्येच ठेवले. एअर-फ्युएल गेजवर १४.७ चा आकडा शुद्ध पेट्रोल धरून छापलेला असतो; ई२० वर तो आकडा खरा नसतो, लॅम्डा मात्र इंधन बदलले तरी तोच अर्थ सांगतो. शेवटी वाइडबँडच्या कंट्रोलरमधून एक रिले बूस्ट सोलेनॉइडला (बूस्ट ठरवणाऱ्या विजेच्या झडपेला) जोडला. बूस्टखाली लॅम्डा ०.८६ च्या वर टिकला की सोलेनॉइडची वीज तुटते आणि टर्बो वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगपुरत्या दाबावर येतो.

परिणाम

१.३ बारला ६२०० आरपीएमपर्यंत लॅम्डा ०.८० ते ०.८१. रेलचा दाब ३.४८ ते ३.५२. इंजेक्टर ७६ टक्के, हिशेबापेक्षा दोन टक्के जास्त. तिसऱ्या सिलिंडरवर आधी ६ अंशांपर्यंत मागे जाणारे इग्निशन आता एक-दीड अंशावर थांबले. रोलरवर चाकांपाशी १५१ पीएस. गिअरबॉक्स-टायरमधले नुकसान धरून लक्ष्याच्या जवळच. टाकीत दहा लिटर असतानाही वळणात दाब हलला नाही.

सगळे लगेच जागेवर आले असे नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होईना. क्रँकिंगच्या इंधनाचा तक्ता दोनदा कमी करावा लागला, कारण मोठ्या इंजेक्टरने प्लग ओले होत होते. थ्रॉटल झटकन दाबला की येणारी अर्धी हिसकी मात्र पूर्ण गेली नाही. ती रस्त्यावरच्या लॉगवरूनच घालवावी लागते आणि गाडी रस्त्यावर न्यायची नाही असे ठरलेले, म्हणून ते काम पुढच्या ट्रॅक दिवसावर गेले.

वेगळे काय करता आले असते

२०२२ मध्ये टर्बो बदलतानाच रेलच्या दाबाचा सेन्सर आणि वाइडबँड बसवायला हवे होते. दोन्हींची किंमत त्या २५५ लिटरच्या पंपाच्या आणि कापलेल्या मॉड्युलच्या आसपासच जाते. मोठा पंप, होज, कापाकापीची मजुरी आणि नंतर नवे मॉड्युल, हा सगळा खर्च पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला असता तर वाचला असता. ते काम पंधरा मिनिटांचे आहे, पण इंजिन चालू आणि पंपावर भार असताना करायचे. इंजिन बंद ठेवून मोजले तर सडकी वायरही पूर्ण बॅटरीचे व्होल्टेज दाखवते.

इंधन बदलले तेव्हा पूर्ण थ्रॉटलचा एक लॉग घ्यायला हवा होता. ई२० ने ट्रिम अधिक ५ वर गेली ती २०२३-२४ मध्येच स्कॅनरवर दिसली असती. ९३ टक्क्यांवर चालणाऱ्या इंजेक्टरसाठी तेवढाच इशारा पुरेसा होता. १०० ऑक्टेनचे पेट्रोल घालून नॉकिंग दाबायचा विचार मध्यंतरी झाला होता. त्याने आवाज बंद झाला असता, तूट तशीच राहिली असती.

रिटर्न व्यवस्था नाकारण्याबद्दल मात्र दोन मते राहतात. १८० साठी तिची गरज नव्हती. पण मालकाने आता २०० चा विषय काढला आहे. ४४० सीसीचे हे इंजेक्टर रिटर्नलेस व्यवस्थेत १.५ बारला ८५ टक्क्यांवर साधारण १९५ पीएसपर्यंतच नेतात, कारण बूस्ट वाढला की दाबाचा फरक २ बारवर येतो. त्यापुढे रेलवर १:१ रेग्युलेटर लावला तर हेच इंजेक्टर पुरतील, पण मग रेल ५ बारवर जाते आणि कारखान्याचा पंप त्या दाबाला किती देतो ते आधी बेंचवर मोजावे लागेल. नवे मॉड्युल परत कापायचे नाही. पंप बदलायचाच झाला तर मूळ वाटीत मावणारा, बाहेरून त्याच व्यासाचा घ्यायचा, आणि टाकीतला रेग्युलेटर काढून त्या जागी बंद टोपी बसवायची. कनेक्टिंग रॉड आणि क्लच ते ओझे सोसतील का, हा हिशेब अजून झालेला नाही; तो होईपर्यंत बूस्ट १.३ वरच.